मुलाला थेट विचारावं का?

दहावी-बारावीचा निकाल लागला की दोन-चार दिवसांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. गावाचं नाव, वय, ‘परीक्षेत कमी गुण मिळाल्याच्या नैराश्यातून’ असं एका ओळीत उरकलेलं कारण आणि शेवटी ‘पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली’ हे ठरलेलं वाक्य. वाचणारा हळहळतो, ‘आजकालच्या मुलांना जरा म्हणून काही सोसत नाही’ असं म्हणतो आणि पान उलटतो. माझी तक्रार त्या एका ओळीच्या कारणाबद्दल आहे. ते खोटंच असतं असं नव्हे, पण अपुरं असतं. त्यातून घरोघरी एक गैरसमज पक्का होतो: आमची मुलगी अभ्यासात बरी आहे, तेव्हा हा विषय आमच्या घरचा नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे 2022चे आकडे पाहा. त्या वर्षी देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात 13,044 विद्यार्थी होते आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता, 1,764. आता ‘परीक्षेतील अपयश’ या रकान्यात सगळ्या वयोगटांचे मिळून किती? 2,248. हे सगळेच्या सगळे विद्यार्थी होते असं धरलं तरी दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचं कारण दुसरीकडेच शोधावं लागतं. अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये सर्वांत वरचं कारण ‘कौटुंबिक समस्या’ असं नोंदलेलं आहे, आणि या वयात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त आहे. अर्थात हा रकानाही भरायचा म्हणून भरलेला असतो. शोकात बुडालेल्या घरात जबाब घेताना जी गोष्ट सगळ्यांत शेवटी घडली तीच ‘कारण’ म्हणून कागदावर उतरते: निकाल, मोबाइल काढून घेणं, आईचं रागावणं. त्याआधीचे सहा-आठ महिने कागदावर येत नाहीत.

या विषयात समजून घ्यायचं ते त्या सहा-आठ महिन्यांतलंच आहे.

आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक आजारांपैकी सुमारे निम्म्यांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत झालेली असते, असं अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत 2005 साली दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दहा ते एकोणीस वयातल्या दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. साठ-सत्तर मुलांच्या एका वर्गात आठ-दहा जण झाले. ते ओळखू का येत नाहीत? कारण आपल्या डोक्यात नैराश्याचं चित्र आहे ते रडणाऱ्या, कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं. पंधरा वर्षांच्या मुलाचं नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपात बाहेर पडतं. तो दार आपटतो, उलट बोलतो, जेवणाच्या ताटावरून उठून जातो. पोट दुखतं, डोकं दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. क्रिकेटची किट महिनाभर पलंगाखाली पडून राहते. घरच्यांच्या लेखी हा उद्धटपणा असतो किंवा ‘वयच तसं’ असतं.

वयाचा भाग असतोच, ते नाकारायचं कारण नाही. फरक ओळखायचा तर मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करू नये, त्याच्या स्वतःच्या सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करावी. आधी जे आवडत होतं ते सगळंच सुटलं आहे का, हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे का, झोप-भूक-शाळा-मित्र यांपैकी एकाहून अधिक गोष्टींवर परिणाम दिसतो आहे का, एवढं पाहिलं तरी बराच उलगडा होतो. घरावरचा रुसवा मित्र आल्यावर विरतो. नैराश्य मित्र आल्यावरही तसंच राहतं.

या वयाचा मेंदू कसा चालतो तेही पाहायला हवं. भावनांचा उसळता भाग वयात येताना लवकर जोर धरतो. थांबून विचार करणारा, पुढचं पाहणारा कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. दुसरं म्हणजे या वयात समवयस्कांचं मत हीच सगळ्यांत मोठी गोष्ट होऊन बसते. लंडनच्या सारा-जेन ब्लेकमोर यांच्या गटाने यावर एक साधा प्रयोग केला होता. पडद्यावर तिघांनी एकमेकांकडे चेंडू टाकायचा. खेळणाऱ्या मुलीला वाटतं की दुसरे दोघेही कुठेतरी बसून खेळत आहेत. प्रत्यक्षात ते संगणकाचे खेळाडू असतात. थोड्या वेळाने ते दोघे आपापसातच चेंडू टाकू लागतात आणि तिच्याकडे तो येणं बंद होतं. बस्स, एवढंच. अनोळखी, न दिसणाऱ्या, पुन्हा कधी न भेटणाऱ्या दोघांनी काही मिनिटं वगळलं, तरी किशोरवयीन मुलींची मनःस्थिती प्रौढ स्त्रियांपेक्षा जास्त खालावली. 2010 साली हे प्रसिद्ध झालं. आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून काढून टाकणं, इन्स्टाग्रामवर आपल्याशिवाय झालेल्या वाढदिवसाचे फोटो दिसणं, मेसेज वाचून उत्तर न येणं यांकडे या नजरेने पाहा. ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ असं आपण म्हणतो तेव्हा ती गोष्ट आपल्या मेंदूने मोजलेली असते, तिच्या नव्हे.

झोपेचंही तसंच. वयात आल्यावर शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर जाग येत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सलग झोपमोड हे पुढच्या धोक्याचं एक ठळक लक्षण मानलं जातं. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सकाळी नऊच्या आत वर्ग भरवू नयेत असा आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. ज्यांना सकाळची झोप जीवशास्त्राने नेमून दिली आहे ते अकरावीचे विद्यार्थी पहाटे सहाच्या क्लासला जातात.

इतकं सगळं असूनही बहुतेक मुलं यातून सुखरूप बाहेर येतात. मग काहींच्या बाबतीत गोष्ट मरणाच्या विचारापर्यंत का जाते? फ्लोरिडातले मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांनी 2005 साली मांडलेला विचार मला फार उपयोगी वाटतो. त्यांच्या मते मरावंसं वाटण्यामागे दोन भावना एकत्र आलेल्या असतात. एक, आपलं असं कुणी नाही. दुसरी, आपण इतरांवर ओझं झालो आहोत. दुसऱ्या भावनेपाशी मराठी घरांनी जरा थांबावं. लातूरला किंवा कोटाला क्लाससाठी ठेवलेल्या मुलाला फोनवर दर आठवड्याला काय ऐकू येतं? ‘तुझ्यासाठी शेत गहाण टाकलंय, लक्षात ठेव.’ ‘तुझ्या फीसाठी ताईचं लग्न पुढे ढकललं.’ बोलणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, काळजी असते, मुलाने जोर लावावा ही आशा असते. पण आधीच खचलेलं मूल त्याचा हिशेब वेगळा करतं: मी नसतो तर यांचं बरं झालं असतं. हा हिशेब चुकीचा आहे हे सांगायला त्या खोलीवर दुसरं कुणी नसतं.

अमेरिकेतले एडविन श्नाइडमन यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. त्यांचं सांगणं असं, की अशा माणसाला मरण हवं असतं त्यापेक्षा असह्य झालेली वेदना थांबायला हवी असते, आणि त्या अवस्थेत नजर इतकी अरुंद होते की दोनच वाटा दिसतात: सगळं पूर्वीसारखं होणं, नाहीतर मरणं. त्यांनी एका कॉलेजच्या मुलीची हकिगत सांगितली आहे. लग्नाआधी दिवस गेलेले, आता जगणंच शक्य नाही असं तिने ठरवलेलं. श्नाइडमन यांनी उपदेश केला नाही. कागद घेतला आणि काय काय करता येईल ते लिहायला लागले. घरच्यांना सांगणं, त्या मुलाशी बोलणं, मूल दत्तक देणं, असं एकेक. प्रत्येक गोष्टीला ती ‘हे नाही जमणार’ म्हणत गेली आणि ते शांतपणे लिहीत गेले. तिने ठरवलेली गोष्टही यादीत होतीच. मग त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की यातली सगळ्यांत कमी वाईट कोणती, त्याप्रमाणे क्रम लाव. क्रम लावला तेव्हा मरण पहिल्या नंबरावर उरलं नव्हतं. परिस्थिती एका तसूनेही बदलली नव्हती, पण दोन वाटांच्या चार-पाच झाल्या होत्या. संकटाच्या तासाला एवढंच साधायचं असतं, कारण ती लाट ओसरते. टोकाचा निर्णय आणि कृती यांत कित्येकदा फार थोडा वेळ असतो, आणि तो वेळ कुणाच्या सोबतीने निघून गेला तर बहुसंख्य माणसं पुढे जगतात.

आता शीर्षकातला प्रश्न. पालक, शिक्षक, अगदी काही डॉक्टरसुद्धा थेट विचारायला कचरतात. भीती एकच: मनात नसेल ते आपणच घालू. या भीतीची परीक्षा झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या 2,342 विद्यार्थ्यांना मॅडेलिन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नावली दिली. निम्म्यांच्या प्रश्नावलीत आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न होते, निम्म्यांच्या नव्हते. दोन दिवसांनी सगळ्यांना पुन्हा विचारलं. प्रश्न विचारलेल्यांच्या मनात तसे विचार वाढले नव्हते, बेचैनीही वाढली नव्हती. उलट ज्यांना आधीच नैराश्य होतं किंवा ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता, त्यांचा ताण न विचारलेल्यांपेक्षा किंचित कमीच निघाला. हा अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला आणि नंतरच्या अभ्यासांचं म्हणणंही याच दिशेचं आहे. तेव्हा विचारावं. जरूर विचारावं.

कसं विचारायचं? ‘तुझ्या डोक्यात काही भलतंसलतं तर नाही ना?’ हा प्रश्नच नव्हे. त्यात ‘नाही’ हे उत्तर आधीच भरून ठेवलेलं आहे. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा स्कूटरवरून जाताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर हे सोपं जातं. ‘बरेच दिवस तुला काहीतरी खूप जड जातंय असं वाटतंय मला. एवढा त्रास झाला की काही जणांना जगायलाच नको वाटतं. तुला वाटतं का तसं?’ आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. उत्तर ‘हो’ आलं तर आईच्या पोटात खड्डा पडणारच, पण त्या क्षणी ‘असला वेडेपणा मनात आणायचा नाही’, ‘आमचं काय होईल याचा विचार केलास का?’ ही वाक्यं गिळून टाकावीत. दुसऱ्या वाक्याने तर ओझ्याचा तोच हिशेब पक्का होतो. ‘बरं झालं मला सांगितलंस. कधीपासून वाटतंय? आत्ता, या क्षणी वाटतंय का? कसं करायचं, कधी करायचं असं काही ठरवलं आहेस का?’ एवढं विचारावं आणि ऐकावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नये.

काही ठरवलं असेल, तर त्या मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. जी वस्तू धोक्याची ठरू शकते ती घरातून हलवायची. फवारणीची औषधं, आजीच्या गोळ्यांचा डबा, सगळं कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी. ‘ज्याला करायचंच आहे तो काहीही करून करतो’ हे आपल्याकडे शहाणपणाचं वाक्य म्हणून चालतं, पण ते चूक आहे. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि 1990च्या दशकाच्या मध्यापासून तिथला आत्महत्यांचा दर घसरत निम्म्याहून खाली आला. लोकांची दुःखं काही तिथे संपली नव्हती.

ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे त्याच्याकडे सर्वांत जास्त लक्ष हवं. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, ‘आता मी तुम्हाला फार दिवस त्रास देणार नाही’ असं बोलणं, फार दिवसांच्या घालमेलीनंतर अचानक आलेली शांतता, भर उन्हाळ्यात अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, ही चिन्हं कुणी सहज घेऊ नयेत. स्वतःला इजा करणाऱ्या मुलामुलींना दर वेळी मरायचंच असतं असं नाही. कित्येकांची ती आतली वेदना सहन करण्याची धडपड असते. तरी त्यांचा पुढचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. ‘लक्ष वेधून घ्यायला करते’ असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे: मग द्या की लक्ष.

डॉक्टरकडे न जाण्याची दोन कारणं कायम ऐकू येतात, पोलीस केस होईल आणि लोक काय म्हणतील. पहिल्याचा निकाल लागलेला आहे. 2018 पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिची काळजी घेणं, तिच्यावर उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलमच उरलेलं नाही. दुसऱ्या कारणाचा निकाल कायद्याने लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा असते. तिथे रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे आपण कसं बघतो यावर बरंच काही अवलंबून आहे. औषध सुरू झालं तर पहिले काही आठवडे मुलाकडे अधिक बारीक लक्ष ठेवावं आणि ‘आता बरा दिसतोय’ म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे नाजूक असतात आणि नेमकं तेव्हाच सगळे हुश्श म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. जेरोम मोटो यांनी 1969 पासून एक गोष्ट करून पाहिली. पुढचे उपचार नाकारून गेलेल्या 843 रुग्णांपैकी निम्म्यांना ते अधूनमधून दोन-चार ओळींचं पत्र पाठवत: तुम्ही गेल्याला काही दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर लिहा. सल्ला नाही, कसली मागणी नाही. पहिली दोन वर्षं पत्र मिळणाऱ्यांमध्ये आत्महत्या कमी झाल्या. एखादा वर्गशिक्षक हे मोबाइलवरून करू शकतो.

शाळांबद्दल बोलायचं तर भित्तिपत्रकं आणि एक दिवसाची व्याख्यानं यांवर माझा फारसा विश्वास नाही. युरोपातल्या दहा देशांत 168 शाळांमधल्या अकरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर एक तुलना झाली. शिक्षकांना धोका ओळखण्याचं प्रशिक्षण, तज्ज्ञांकडून विद्यार्थ्यांची चाळणी, आणि मुलांनाच भूमिका वठवत मनाबद्दल बोलायला शिकवणं, असे तीन मार्ग होते. वर्षभरानंतर तिसऱ्या मार्गानेच फरक पडलेला दिसला. आत्महत्येचे प्रयत्न तुलनेच्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था मुलं आणि पालक यांच्याशी अशाच मोकळ्या भाषेत बोलत आली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असं सांगितलं. कोचिंग क्लासही त्यातून सुटलेले नाहीत. आपल्या शाळेत तो नेमला आहे का, हा प्रश्न पुढच्या पालकसभेत गणवेशाच्या आधी विचारायला हवा.

मुलांनाच शिकवल्याने फरक का पडतो? कारण मुलं पहिल्यांदा सांगतात ती मित्राला. आईला नाही, सरांना नाही. रात्री साडेअकराला मेसेज येतो, त्याखाली लिहिलेलं असतं, ‘कुणाला सांगू नको, तुला माझी शपथ.’ हा लेख वाचणाऱ्यांत कुणी पंधरा-सोळा वर्षांचं असेल तर शेवटचं तुमच्यासाठी: ती शपथ मोडायची. मित्र आठ दिवस बोलणार नाही, चालेल. त्याच्या घरच्यांना किंवा ज्यांच्यावर भरवसा आहे अशा मोठ्या माणसाला त्याच रात्री फोन करा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि विनामूल्य मिळते, तिथे मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहे. जिवाला आत्ता धोका वाटत असेल तर 112 लावा. आणि ते विचार तुमच्या स्वतःच्याच मनात येत असतील, तर हेच क्रमांक तुमच्यासाठीही आहेत.